चिलखती गाडीची आंघोळ

जी चिलखती गाडी लढाईतनं धड परत आली, तिची वाट मी आमच्या मोरीत लावली. काथ्यानं.

गाडी वीतभर हुती, हे आधीच सांगते. न्हाईतर तुम्ही म्हणाल, म्हातारी लई ताकदीची हाय. (हाय तशी. पण गाडी वीतभरच हुती.)

मी निपाणीकडची. शाळा दुसरीपर्यंत, त्याच्यापुढं तंबाखूची वखार. लग्न झालं तवा आमचे हे मिलिटरीत चिलखती गाडीवर ड्रायव्हर हुते. चिलखती गाडी म्हणजे चार चाकांवर ठेवलेली लोखंडी पेटी, वर फिरतं टोपडं, टोपड्यातनं बाहेर आलेली तोफ. हे मला त्यांनी लग्नाच्या तिसऱ्या दिवशी सांगितलं. चौथ्या दिवशी रजा संपली.

पुढं चौदा वर्षं ते वर्षातनं एकदा यायचे, आणि आले की तिच्याबद्दलच बोलायचे. तिला चढाला काय हुतं, थंडीत तिला कसं जपावं लागतं. तवर मी दोन बाळंतपणं उरकली, सासूचं आजारपण काढलं, पावसात पडलेली मागची भिंत उभी केली. मला थंडीत कसं जपावं लागतं ते कुणी विचारलं न्हाई. मी तिला सवत म्हणायची. पण खंडेनवमी आली की विळा, खुरपं, कोयता मांडायची आणि शेजारी एक दगड ठेवायची. दगड म्हणजे ती गाडी. त्याला पण हळदकुंकू. सवत असली तरी नवरा तिच्या पोटात हुता.

एकदा यांना कावीळ झाली. दोन महिने दवाखान्यात. मला पत्र मिळालं तेच लई उशिरा. मी लगेच उपास धरले. पुढच्या पत्रातनं कळालं, मी उपास करत हुते तवा ते जेवत हुते.

असो. मिलिटरी सुटली, मग हे बेंगळुरात, पीण्या म्हणून कारखान्यांची वस्ती हाय, तिथल्या एका कारखान्यात फिटर लागले. आम्ही यशवंतपूरला, मार्केट यार्डाच्या मागं, कांद्याच्या वासात दोन खोल्या घेऊन राहिलो. मग ती पण नोकरी संपली, आणि हे घरात बसले. बसले म्हणजे काय, बसलेच न्हाईत. त्या माणसाला बसायची सवय फक्त गाडीत. दारापासनं मोरीपर्यंत अकरा पावलं, मोरीपासनं दारापर्यंत अकरा पावलं. मी मधी लसूण सोलत असले तर माझ्यावरनं ओलांडून जायचे. मी ओरडत न्हवते. ओरडून पावलं काय कमी हुणार हुती?

आठवड्यातनं तीन दिवस तेवढी सुटका. छावणीच्या बाजूला पेन्शनर जवानांची एक खोली हुती, तिथं जुने आपल्याकडचे लोक जमायचे. त्या खोलीत नवीन काचेचं कपाट आलं. आता कपाट आलं म्हणजे त्यात काहीतरी ठेवाय पाहिजे. ठरलं, की आपल्या जुन्या गाडीची लहान नक्कल करून ठेवायची, दसऱ्याच्या मेळाव्याला. हे उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मी करतो. हुबेहूब करतो."

नुसतं करतो म्हणायचं हुतं. हुबेहूब म्हणले तिथंच फसले.

मागनं आवाज आला, "तू? तुला तिचं तोंड तरी ठाऊक हाय का मारत्या?"

हे सत्याप्पा भावजी. त्याच गाडीत यांच्या डोक्यावर, टोपड्यात बसून तोफ चालवायचे. आता दासरहळ्ळीला राहायचे. सात वर्षं दोघं एका पेटीत राहिले, म्हणून जीव पण एकमेकांत, आणि भांडण पण.

"मी चालवलीय तिला," हे म्हणाले.

"फटीतनं रस्ता बघत चालवलीस. गाडी कुठं बघितलीस? रंग सांग तिचा."

"हिरवा. शेवाळासारखा."

"झालं! मातकट हुती. वाळूसारखी. मी सांगतोय."

"तू तर दुर्बिणीतनं बघायचास. लांबची टेकडी तेवढी तुला माहीत."

तिथले सगळ्यात मोठे सुभेदारसाहेब, ऐंशीच्या पुढचे, त्यांनी काठी आपटली. म्हणाले, "दोघं मिळून करा. बरोबर झाली तर कपाटात ठेवू. चुकली तर कपाटात पाण्याचा जग ठेवतो."

घरी येऊन हे मला म्हणाले, "चुकली तर त्या खोलीत मी परत पाय ठेवणार न्हाई."

मी मनातल्या मनात हिशोब केला. त्या खोलीत पाय ठेवणार न्हाईत, म्हणजे आठवड्याचे सातही दिवस अकरा पावलं. माझ्यावरनं.

तवापासनं त्या गाडीची काळजी त्यांच्यापेक्षा मला जास्त.

पत्र्याचं काम लगेच झालं. तेलाचा रिकामा डबा कापला, ठोकला, वाकवला. फिटरचा हात तो. चाकं म्हणून जुन्या कोटाची चार बटणं. मग हत्यारं आली. हत्यारं सत्याप्पा भावजींच्या खात्यात. तोफेला छत्रीची काडी लावली, तर त्यांनी एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाले, "तोंड बारीक हाय. ह्यातनं वाटाणा पण जाणार न्हाई." मग पेनातली पितळी नळी आली. ती लांब झाली, कापली. मग आखूड झाली. दुसरं पेन. चार पेनं गेली. आमच्या घरात तवा सही करायची म्हटलं तरी शेजारी जावं लागायचं.

एका सकाळी भावजी दारातनंच म्हणाले, "वैनी, मशीनगन हाय का?"

"किती पाहिजेत?"

"एकच. तोफेच्या शेजारची."

मी अंबाड्यातला आकडा काढून दिला. त्यांनी उजेडात धरला, फिरवला, दोनदा वास पण घेतला (कशापायी, देव जाणे) आणि म्हणाले, "हीच." त्या दिवसापासनं माझा अंबाडा सुटलेला, आणि गाडी हत्यारबंद.

तोफ किती पुढं आलेली असती, ह्याच्यावरनं परत जुंपली. हे म्हणाले, मापच आणतो. एका पलटणीच्या गेटाबाहेर तसलीच एक जुनी गाडी रुपेरी रंग फासून शोभेला ठेवलेली हुती. हे चक्क सुतळी घेऊन गेले आणि तोफ मोजाय लागले. पहारेकऱ्यानं धरलं. दुपारी निरोप आला, तुमचा माणूस येऊन घेऊन जावा. मी गेले. पहारेकरी पोरसवदा, बिचारा घाबरलेला.

हिंदीत म्हणाला, "माँजी, हे आजोबा तोफेचं माप घेतायत."

मी म्हणाले, "घेऊ दे की. माझ्या झंपरचं माप कधी घेतलं न्हाई त्यांनी. एवढंच घेतात."

त्यानं सोडलं. पण सुतळी ठेवून घेतली. माप गेलं.

रंगाचं तर विचारूच नका. ग्रंथालयात जाऊन पुस्तकं बघितली, तर फोटो काळेपांढरे. लांबच्या एका मित्राला पत्र घातलं, तर त्याचं उत्तर आलं की गाडीला वास मात्र लई यायचा. मग यांनी माझे डबे उघडले. मुगाची डाळ सालासकट. "अशी. पण जरा भिजलेली." वाळलेली मेथी. "अशी न्हाई, पण हिच्या जवळची." हिरव्या चटणीची वाटी मी जेवायला मांडली, तर हे ती उचलून खिडकीत घेऊन गेले आणि म्हणाले, "ह्यात थोडं काळं पडलं तर..." मी म्हणाले, "उद्यापर्यंत ठेवा, पडंल." भावजी तिकडनं चणाडाळ, हरभऱ्याचं पीठ, बाजरी दाखवत हुते. घरातल्या सगळ्या वाट्या रंग कालवण्यात गुंतल्या. आठ दिवस आम्ही पत्रावळीवर जेवलो.

कागदावर रंग वेगळा दिसतो म्हणून मग दोघांनी मागच्या भिंतीवर ठिपके दिले. हिरव्याचे अकरा, मातकटाचे नऊ. आणि नेमके घरमालक आले. गौडरु, भला माणूस, पण भिंतीच्या बाबतीत हळवा. भिंतीकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं.

"अक्का, एनु इदु?"

हे काय म्हणून विचारतोय. आता काय सांगू? मी म्हणाले, "स्वल्प रंग बघतायत, अण्णा."

गौडरुंना वाटलं, आम्ही त्यांची भिंत रंगवून देतोय. माणूस एकदम खुलला. चष्मा लावून वीसही ठिपके बघितले आणि मातकटावर बोट ठेवलं. "गोडेगे इदे चन्नागिदे." भिंतीला हाच छान.

भावजी टाळी वाजवून म्हणाले, "बघ! दोनास एक!"

तवर यांनी गाडीला हिरवा तेलरंग देऊन टाकलेला हुता. भावजी आमच्यात तीन दिवस चहा प्याले न्हाईत. हे तीन दिवस जेवले न्हाईत. मी दोघांचं मिळून खाल्लं, टाकायचं कशाला. शेवटी हे भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "लाव तुझा मातकट." गौडरुंनी खुशीत येऊन भिंतीसाठी म्हणून त्याच रंगाच्या डिस्टेंपरचा डबाच आणून दिला. तोच भावजींनी हिरव्यावरनं लावला.

मला वाटलं, सुटलो. पण दुसऱ्या दिवशी भावजी म्हणाले, "मारत्या, हिला कधी एवढी चकचकीत बघितलीस का तू?"

हे थांबले. म्हणाले, "न्हाई."

झालं, चिखल सुरू. पीण्याच्या रस्त्यावरची धूळ आणली, माझ्या पिठाच्या चाळणीनं चाळली, डिंकात कालवली. चाकांच्या वर जाड, दाराशी पातळ, टोपड्यावर नुसती फुंकर. कुठला चिखल कुठं उडतो ह्याच्यावर आठ दिवस. पण पहिल्यांदाच दोघं भांडले न्हाईत. शेवटच्या दिवशी गाडी मांडीवर ठेवून दोघं गप बसून राहिले. हे बसले! मी लसूण सोलायचा थांबून बघतच राहिले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्याच्या दुसऱ्या दिवशी मेळावा.

बेंगळुरात खंडेनवमी म्हणजे आयुधपूजा. इथं रिक्षा, लॉरी, सायकल, सगळ्याला आंघोळ. केळीचे खुंट बांधायचे, हळदकुंकू लावायचं, चाकाखाली लिंबू ठेवून गाडी पुढं घ्यायची आणि समोर कोहळा फोडायचा. हे दोघं सकाळीच जुन्या कारखान्यात पूजेला गेले. गाडी ठेवली कपाटावर. मला म्हणाले, "हात लावू नको." ते मी रोजच ऐकत हुते, म्हणून ते मला ऐकू येत न्हवतं.

मी विळा धुतला, सुरी धुतली, अडकित्ता धुतला. मांडले. सवयीनं दगड आणाय उठले, आणि माझं मलाच हसू आलं. चौदा वर्षं दगड पुजला, आणि आज ती सवत स्वतः कपाटावर बसलीय! हिनंच माझा नवरा माघारी आणला, असं मनात आलं. खोटं कशाला सांगू, डोळे भरले. मी तिला खाली काढली.

आणि बघते तर काय, चिखलानं बरबटलेली.

आता तुम्ही म्हणाल, बाई, आठ दिवस तुझ्या डोळ्यादेखत लावला तो चिखल. खरं हाय. पण पूजेआधी घासायचं, हे माझ्या हातांना डोक्याकडनं विचारून घ्यावं लागत न्हाई. हात मोरीत गेले, काथ्या घेतला, चिंच घेतली. चिखल निघाला. मला बरं वाटलं. मग मातकट निघाय लागला. मला वाटलं, आतला चिखल. आणखी जोर केला. हिरवा दिसाय लागला तवा माझा हात थांबला.

इथं मी थांबाय पाहिजे हुतं. पण अर्धी धुतलेली देवाला कशी मांडायची? आणखी हात फिरवला, तरी जागोजाग मातकट चिकटून राहिलाच. पुसून पाटावर ठेवली. पाच बोटं हळद, पाच बोटं कुंकू. (तेलाच्या रंगावर कुंकू काय बसतं म्हणून सांगू. आजपण निघालेलं न्हाई.) विभूतीचे तीन पट्टे टोपड्यावर. चाकाखाली लिंबं, बाजारातनं बारक्यात बारकी निवडून आणलेली. तरी गाडी लिंबांवर उंच बसली, रथात बसावं तशी. आता पुढं घ्याय पाहिजे, लिंबू फुटाय पाहिजे. वरनं जरा रेटलं. लिंबू फुटलं न्हाई. मागचं चाक फुटलं.

कोहळा तिच्यापेक्षा मोठा झाला असता, म्हणून मी काकडी घेतली. उंबऱ्यावर आपटली. काकडीचा शेंडा उडाला तो सरळ तोफेवर. तोफ वाकून उजवीकडं बघाय लागली.

आणि दारात हे दोघं.

 भावजींच्या हातात कारखान्यातला प्रसाद हुता, तो त्यांनी हळूच खाली ठेवला. यांनी गाडी उचलली, फिरवून बघितली. मग दारापासनं मोरीपर्यंत अकरा पावलं. परत अकरा. मी बाजूला पण सरले न्हाई. म्हटलं, तुडवा.

"वैनी," भावजी शेवटी म्हणाले, "चिखल पण?"

"त्योच पहिला."

दुरुस्त करायला वेळ न्हवता. चिखल वाळायलाच चार दिवस. फुटक्या चाकाच्या जागी माझ्या झंपरचं लाल बटण बसवलं. तोफ सरळ करताना कडकड वाजली, म्हणून सोडून दिली. सकाळी पिठाच्या डब्यात गाडी घालून निघालो. मला पण घेतलं. भावजी म्हणाले, "साक्षीला पाहिजे. न्हाईतर लोकांना वाटंल आम्हीच येडे." मॅजेस्टिकच्या मोठ्या स्टँडला बस बदलली. दोन्ही बसमधी जागा असून हे बसले न्हाईत. डबा माझ्या मांडीवर. मी आयुष्यात लई ओझी वाहिली, पण तेवढा जड पिठाचा डबा दुसरा न्हाई.

खोलीत पन्नासभर म्हातारे. टेबलावर पाण्याचा जग आधीच आणून ठेवलेला. मी डब्याचं झाकण काढलं. लिंबाचा वास सुटला. सुभेदारसाहेबांनी चष्मा कपाळावर ढकलला, गाडी नाकाजवळ घेतली.

"हळदकुंकू कुणी लावलं?"

"मी," मी म्हणाले.

"लिंबू?"

"मीच."

"आणि रंग कुणी सोलला?"

हे फरशी बघत हुते. भावजी छत बघत हुते.

"मीच, साहेब. काथ्यानं."

साहेबांनी हिरव्यावर उरलेला मातकट नखानं खरवडून बघितला. मग काठी भावजींकडं वळवली. "सत्याप्पा, वाळूत गेलो तवा हिरव्यावरनं मातकट कुणी फासला?"

भावजी म्हणाले, "मीच की साहेब. माझ्या हातांनी. दीड दिवस."

"आणि तवा मारुती कुठं हुता?"

भावजींना आठवंना. यांनाही आठवंना. मला आठवलं. मी म्हणाले, "दवाखान्यात. कावीळ. दोन महिने. पत्र लई उशिरा आलं, माझे उपास फुकट गेले."

"आणि तो परत आला तवर?"

भावजी हळूच म्हणाले, "वाऱ्यानं सोलून... जागोजाग परत हिरवा दिसाय लागलेला."

"असाच?"

"असाच, साहेब."

पन्नास म्हातारे उठून टेबलाभोवती आले. एक म्हणतोय हिरवी हुती, दुसरा म्हणतोय मातकट हुती, आणि दोघं त्याच गाडीवर बोट ठेवतायत. एकानं तर चप्पल काढून हात जोडले. म्हणाला, खंडेनवमीलाच तिला बाहेरनं नीट बघायचो आपण, अशीच दिसायची. यांनी पहिल्यांदा मान वर केली.

"तोफ मात्र वाकडी हाय," साहेब म्हणाले.

"काकडी लागली, साहेब," भावजी म्हणाले.

"कुणाची?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

जग उचलून खिडकीत गेला. गाडी कपाटात बसली, हळदकुंकवासकट, लाल बटणासकट, उजवीकडं बघत. माझा आकडा पण तिथंच, त्यो काय परत मिळाला न्हाई. हे दोघं आता रोज तिथं जातात, तिच्यासमोर बसतात. माझा लसूण निवांत सोलून हुतो.

पण साहेबांनी एक ठरवून टाकलं. दर खंडेनवमीला तिची पूजा झालीच पाहिजे, आणि ती जिनं पहिली केली तिनंच करायची. म्हणजे जिला मी जन्मभर सवत म्हणाले, तिची लिंबं घेऊन दरवर्षी मॅजेस्टिकला बस बदलून मीच जाते. कपाटाची किल्ली तिथला शिपाई मला देतो. पण देण्याआधी माझी पिशवी उघडून बघतो, आत काथ्या न्हाई ना.